क्वेबेक सिटीच्या विंटर कार्निव्हलला आईबाबांना न्यावं का?

गारठलेला_सांगलीकर

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच विचारतोय, आत्तापर्यंत नुसता वाचत असायचो. आम्ही कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसागाला राहतो, मी, बायको आणि पाच वर्षांचं एक वादळ. आईबाबा डिसेंबरमध्ये सांगलीहून आलेत ते मार्चअखेरपर्यंत आहेत. आले तेव्हापासून बिचारे घरातच, बाबा खिडकीत खुर्ची टाकून समोरचा माणूस बर्फ कसा काढतो ते बघत बसतात आणि मी ऑफिसात असताना फोन करून सांगतात की त्याने आज पण ड्राइव्हवे अर्धाच काढला. तर डोक्यात आलं की फेब्रुवारीत सगळ्यांना क्वेबेक सिटीचं कार्निव्हल दाखवून आणावं, बर्फाचा राजवाडा, रात्रीची मिरवणूक वगैरे.

आईचं वय ६३, गुडघे कुरकुरतात. बाबा ६८, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत, गडकिल्ल्यांचं वेड, आत्ताआत्तापर्यंत पन्हाळ्याला चालत जायचे. आई पूर्ण शाकाहारी, अंडं पण नाही. थंडी झेपेल का? गाडी न्यावी की ट्रेन? किती दिवस पुरे? आणि खरं सांगा, बघण्यासारखं असतं का फक्त फोटोत छान दिसतं? बायको म्हणते उणे वीसमध्ये जत्रेला कोण जातं. तिचं पण बरोबर आहे म्हणा.

माँट्रियलची_माई

बायकोला सांग, चारशे वर्षं तिथे राहणारी माणसं जातात 😄 मी माँट्रियलला चौदा वर्षं आहे आणि कार्निव्हलला पाच वेळा जाऊन आलेय, त्यात एकदा सासूबाईंना घेऊन, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घे की हे काही आत्ताचं टुरिस्टांसाठी काढलेलं खूळ नाही. पहिलं मोठं कार्निव्हल १८९४ चं, मग महायुद्धं आणि मंदीत ते बंद पडत सुरू होत राहिलं, आणि १९५५ पासून नीट दरवर्षी व्हायला लागलं. हिवाळ्यात गाव ओस पडायचं, धंदा बसायचा, म्हणून व्यापारी मंडळींनी ते परत उभं केलं. तेव्हापासून बॉनॉम आहे, म्हणजे तो पांढरा गुबगुबीत हिममानव, डोक्यावर लाल टोपी आणि कमरेला रंगीत विणलेला पट्टा. महापौर त्याला गावाची किल्ली देतात आणि कार्निव्हल संपेपर्यंत राज्य त्याचं. त्याच्यासाठी बर्फाचा राजवाडा बांधतात. तुझ्या पोराला गणपतीत जसं मंडपात घुसायचं असतं तसं तिथे बॉनॉमला मिठी मारायची रांग असते, आणि खरं सांगू, सासूबाई पण त्या रांगेत होत्या.

आता थंडी. लोक एक चूक हमखास करतात, आकडा बघून घाबरतात. कोरडं ऊन पडलेलं असताना उणे पंधरा सहज झेपतं, पण शून्याच्या आसपास ओला बर्फ आणि वारा असला ना की जीव नको होतो, पाय ओले, हात ओले, सगळा चिखल. उणे पंधराला बर्फ पायाखाली कच्च्या साबुदाण्यासारखा करकरतो, कपड्यांना चिकटत नाही, झटकला की गेला. त्यामुळे फोरकास्टमध्ये आकड्यापेक्षा वारा बघ. नदीकाठचं गाव आहे, वारा कापतो.

आमचा नियम असा की चाळीस मिनिटं बाहेर, वीस मिनिटं आत. थंडी वाजायच्या आधी आत जायचं, वाजल्यावर नाही. सासूबाईंच्या वेळी मी नकाशावर आधी कॅफे, चर्च आणि लायब्ररी शोधून ठेवली होती, कार्यक्रम नंतर बघितले. लोकांना हे उलटं वाटतं पण म्हाताऱ्या माणसांबरोबर असंच करावं लागतं. दिवसभर फिरू आणि संध्याकाळी हॉटेलवर परत येऊ हा आपल्याकडचा हिशोब तिथे विसरायचा. हॉटेल जुन्या गावातच घे, महाग पडेल, कुरकुर करशील, पण दुपारी दोन तास आईला पाय पसरून पडता आलं तरच संध्याकाळची मिरवणूक बघता येईल.

मिरवणुका रात्री असतात, सहसा शनिवारी, आणि नक्की तारखा आणि रस्ते त्यांच्या साइटवर आधी बघून घे कारण दरवर्षी थोडं इकडेतिकडे होतं. दीड-दोन तास एका जागी उभं राहावं लागतं आणि चालताना लागत नाही ती थंडी उभं राहिल्यावर लागते, पायाखालून वर चढते. घडीचा पुठ्ठा किंवा योगा मॅटचा तुकडा पायाखाली टाकायला ने. हसू नकोस, लोक तुझ्याकडे हेव्याने बघतील.

खाण्याचं: आईसाठी थोडी तयारी लागेल. पुटीन म्हणजे फ्राइज, चीजचे गोळे आणि वरून गरम ग्रेव्ही, पण ती ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाचीच असते, विचारल्याशिवाय घेऊ नका, काही ठिकाणी शाकाहारी मिळते. वाटाण्याचं सूप दिसेल, त्यात हॅम असतं. पण एक गोष्ट तुम्हा सांगलीकरांना घरची वाटेल. मेपलचा पाक उकळून ताज्या बर्फावर पट्टीसारखा ओततात, तो दोन सेकंदांत घट्ट होतो, मग काडीला गुंडाळून खायचा. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, अगं ही तर काकवी! गुऱ्हाळावर गरम पाक पाण्यात सोडून जो चिवट गोळा करतात ना, अगदी तसाच. तीन काड्या खाल्ल्या, डायबेटिस असून.

बाकी मेथीचे पराठे, चिवडा, लाडू, मेतकूट, हॉटेलात केटल असते, गरम पाणी घालून होणारा उपमा. इतकं पुरतं.

चारचाकी_बाप्या

गाडीबद्दल मी बोलतो. मिसिसागा ते क्वेबेक सिटी आठशे किलोमीटरच्या वर आहे, उन्हाळ्यात नऊ तासांत होईल पण फेब्रुवारीत आईबाबा आणि लहान मुलगा घेऊन एका दिवसात करायचा विचारही करू नका, मधे माँट्रियलला मुक्काम टाका, तिथून पुढे अडीचशेच किलोमीटर राहतात. विंटर टायर आहेत का तुमच्याकडे? ऑल सीझनवर चालतंय म्हणणारे बरेच भेटतील, पण सात डिग्रीच्या खाली ते रबर कडक व्हायला लागतं आणि उणे वीसला ब्रेक दाबल्यावर गाडी आपल्याला विचारत नाही. क्वेबेकमध्ये रजिस्टर झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने लागतात. तुमच्या ऑन्टारियो प्रांताच्या गाडीला तो नियम नाही, पण आजूबाजूचे सगळे विंटर टायरवर पळत असतात आणि मधे तुम्ही घसरत, काय उपयोग.

वॉशर फ्लुइड उणे चाळीसवालं भरा. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. डिकीत ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती, थोडं खायला. माँट्रियलच्या पुढे हायवे मोकळ्या शेतांतून जातो, बर्फ पडत नसताना पण वारा सुटला की रस्त्यावर बर्फाची पिठी उडते आणि बोनेटच्या पुढचं दिसत नाही. मी एकदा चाळीसच्या स्पीडने पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून तासभर गेलोय, बायको रामरक्षा म्हणत होती.

आणि पार्किंग!! गावात रस्त्याच्या कडेला नारिंगी दिवे लावलेत, ते लुकलुकायला लागले म्हणजे रात्री बर्फ उचलायची यंत्रं येणार, गाडी हलवा. मला वाटलं सजावट आहे, कार्निव्हल आहे ना. सकाळी गाडी जागेवर नाही. दंड, गाडी ओढून नेल्याचे पैसे, आणि माझं फ्रेंच बोंजूरच्या पुढे जात नाही. चूक माझीच होती, पण तुम्ही करू नका.

शेकोटीवाला

मी उलट बोलतो, रागावू नका. नका नेऊ. आम्ही माझ्या आईवडिलांना नेलं होतं. मिरवणुकीत वडील अर्ध्या तासात गप्प झाले, आई म्हणाली छान आहे रे, पण तिचे ओठ निळे पडलेले, आणि आम्ही मात्र व्हिडिओ काढतोय. आपली माणसं बोलत नाहीत, तोच खरा प्रॉब्लेम आहे. मुलाने एवढा खर्च केलाय, हॉटेल घेतलंय, मग थंडी वाजतेय असं कशाला सांगायचं. घरी आल्यावर पंधरा दिवस खोकला. त्यापेक्षा मे महिन्यात बोलवा, सगळा देश हिरवा असतो.

रात्रपाळीवाली_नर्स

शेकोटीवाला यांचा मुद्दा अगदी खरा आहे, म्हातारी माणसं सांगत नाहीत. म्हणून विचारायचं नाही, बघायचं. गालावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर पांढरट मेणासारखा डाग दिसला की लगेच आत. त्या जागेवर बर्फ चोळायचा नाही (हे कोण शिकवतं लोकांना देव जाणे), नुसता उबदार हात ठेवायचा. बोटं काखेत धरायची. एकदम गरम पाण्यात किंवा हीटरवर हात नाही धरायचे कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. विंडचिल (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान) उणे अठ्ठावीसच्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, लहान मुलाची आणखी लवकर. त्यामुळे पोराचे हातमोजे दोरीने बाहीतून ओवून ठेवा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत एक हरवणार, माझ्याकडे पुरावे आहेत.

बीपीचं म्हणाल तर थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वर जातं, त्यामुळे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, गाडीच्या डिकीत नाही. बाबांनी चढावर घाईने चालायचं नाही. आणि तिथे कारिबू नावाचं एक पेय मिळतं, रेड वाइन, त्यात कडक दारू आणि मेपल सिरप, लोक लाल प्लास्टिकच्या पोकळ काठीत भरून फिरतात. पिऊन गरम वाटतं पण शरीरातली ऊब उलट लवकर बाहेर जाते. बाबा घेत असतील तर परत हॉटेलवर आल्यावर.

कपडे: आतला थर सुती नको, सुती बनियन घामाने ओली झाली की संपलं. लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, वर जाड जॅकेट जे मांड्यांपर्यंत येईल. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे मिटन्स बरे, बोटं एकमेकांना ऊब देतात. बूट एक नंबर मोठा घ्या, दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर पाय जास्त गार पडतो. बुटांना खालून लावायचे खिळेवाले रबरी पट्टे मिळतात, आईसाठी ते घ्याच, गुडघेवाल्या माणसाने निसरड्यावर पडणं म्हणजे सगळ्या ट्रिपची वाट.

म्हापशेकर

कार्निव्हल वाचून आत आलो, आम्हा गोंयकारांना हा शब्द दिसला की राहवत नाही 😀 मूळ दोन्हीकडचं एकच ना, लेंटचे (ईस्टरच्या आधीचे) उपास सुरू व्हायच्या आधी पोटभर खाऊन पिऊन घ्यायचं. आमच्याकडे किंग मोमो चार दिवस राज्य करतो, तिकडे बॉनॉम. फरक एवढाच की आम्ही घाम पुसत नाचतो आणि ते नाक पुसत. तिकडे बर्फात चड्डीवर लोळायचा पण कार्यक्रम असायचा म्हणे, स्विमिंग कॉश्च्युम घालून बर्फाने अंघोळ. पोर्तुगीज आमच्याकडे आले ते बरं झालं, फ्रेंच आले असते तर आम्हाला पण लोळवलं असतं. असो, मूळ प्रश्नाला माझा काही उपयोग नाही, चालू द्या.

गारठलेला_सांगलीकर

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. शेकोटीवाले दादा, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली खरं तर. सकाळी आईला सरळ विचारलं, जायचं का, तर ती म्हणाली, इथे बसून तरी मी काय करतेय, भाजी निवडतेय तीसुद्धा निवडलेलीच मिळते. बाबांना तटबंदी आहे एवढंच सांगितलं, ते तेव्हापासून यूट्यूबवर बसलेत.

ट्रेनचं कोणी सांगेल का? गाडीचं वाचून बायकोने व्हेटो केलाय. आणि बाबांना दाखवण्यासारखं नक्की काय आहे, आणि पोरासाठी?

माँट्रियलची_माई

व्हेटो योग्य आहे. टोरोंटोहून माँट्रियल ट्रेनने पाच-साडेपाच तास, एक रात्र इथे थांबा, दुसऱ्या दिवशी क्वेबेक सिटी साडेतीन तासांच्या आत. स्टेशन खालच्या गावात आहे, जुनं सुंदर स्टेशन, पण हॉटेल वर असेल तर बॅगा घेऊन चढ चढू नका, टॅक्सी करा. गाव दोन मजली आहे असं समज, वर किल्ला आणि तटबंदी, खाली बंदर आणि जुन्या गल्ल्या. मधे जिने आहेत, त्यातल्या एकाचं नावच मान मोडणारा जिना असं आहे, तिकडे आईला नेऊ नकोस. फ्युनिक्युलर आहे, म्हणजे कड्यावर रुळांवरून चढणारा डबा, १८७९ पासून चालतो, दोन मिनिटांत वर.

बाबांची तर चैन आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला ज्याची तटबंदी शाबूत आहे असं हे एकच शहर, सुमारे साडेचार किलोमीटरची भिंत, दरवाजे, बुरूज, तोफा. १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. बाहेर अब्राहमचं पठार, तिथे १७५९ मध्ये इंग्रज आणि फ्रेंचांची लढाई झाली, मुख्य चकमक अर्ध्या तासाच्या आत आटोपली, दोन्हीकडचे सेनापती वुल्फ आणि माँकाम त्यात गेले आणि त्यानंतर कॅनडा फ्रेंचांच्या हातून निसटला. इंग्रज रात्री नदीकडून कडा चढून वर आले होते. बाबांना हे सांग, ते तुला सिंहगड ऐकवतील, चहा होईपर्यंत पुरेल. फक्त बर्फात तटावर चढू देऊ नकोस.

पोरासाठी शातो फ्रोंतनाक या राजवाड्यासारख्या जुन्या हॉटेलच्या समोरच्या गच्चीवर लाकडी घसरगुंडी आहे, १८८४ पासूनची, लांब टोबॉगनवर (बर्फावर घसरणारी लाकडी गाडी) बसून खाली यायचं, ताशी सत्तरपर्यंत स्पीड जातो म्हणतात. आजीला बसायची इच्छा झाली तर अडवू नकोस, माझ्या सासूबाई दोनदा बसल्या, गुडघ्यांचं काम नसतं, टोबॉगन वर ओढत न्यायचं काम मुलाचं 😄

पण मला विचारशील तर सगळ्यात भारी म्हणजे होड्यांची शर्यत. सेंट लॉरेन्स नदी तिथे अरुंद होते, क्वेबेक या नावाचा अर्थच मुळात तो आहे, नदी अरुंद होते ती जागा. समुद्राची भरती-ओहोटी तिथवर येते त्यामुळे नदी सपाट गोठत नाही, बर्फाचे मोठे मोठे तुकडे सतत पुढेमागे वाहत असतात. पूल नव्हते तेव्हा पलीकडच्या लेव्हीला टपाल, माणसं, सामान सगळं नावेतून असंच जायचं. त्याचीच आता शर्यत होते. पाच जणांची टीम, पाणी असेल तिथे वल्हवायचं, बर्फ आला की एक पाय नावेत आणि दुसऱ्या खिळेवाल्या बुटाने बर्फ ढकलत पळायचं, लहान मुलं स्कूटर ढकलतात ना तसं. एखादा मांडीपर्यंत पाण्यात जातो, बाकीचे ओढून घेतात, थांबत कोणी नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला आणि तो थंडीचा नव्हता. बंदराकाठी उभं राहून बघता येतं, लवकर जाऊन जागा धरा.

त्या दिवशी जमलं तर लेव्हीची फेरीबोट घ्या, दहा-बारा मिनिटांची, आत हीटर, खिडकीतून सगळं गाव दिसतं आणि खाली बर्फ फुटल्याचा कडकड आवाज येतो. सासूबाईंना सगळ्या ट्रिपमध्ये तेच जास्त आवडलं, बसून बघता येतं म्हणून.

एक दिवस जास्त असेल तर माँमोरेन्सी धबधबा, नायगरापेक्षा तीस मीटर उंच, ८३ मीटर, हिवाळ्यात पायथ्याशी तुषार गोठून बर्फाचा डोंगर तयार होतो. वर जायला केबल कार आहे. बर्फाचं हॉटेल पण आहे गावापासून अर्ध्या तासावर, दरवर्षी नवीन बांधतात, आत उणे तीन-पाच असतं त्यामुळे बाहेरून आलं की चक्क उबदार वाटतं. दिवसा बघून या, झोपायच्या फंदात पडू नका.

तीन रात्री पुरे. चौथ्या दिवशी सगळ्यांना वरणभात आठवतो.

शेकोटीवाला

बरं, जाताय तर जा, आमची काही मोडता घालायची इच्छा नव्हती. फक्त आईला खिशात ठेवायची गरम होणारी पाकिटं भरपूर घ्या, लोखंडाची पूड असते त्यात, हवा लागली की तापतात. आमच्याकडे नव्हती. आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी तीस टक्क्यांवर असताना पण बंद पडतो.

गारठलेला_सांगलीकर

ट्रेनची तिकिटं काढली! हॉटेल पण जुन्या गावात, बायकोने किंमत बघितली नाहीये अजून. पाकिटं, बुटाचे पट्टे, थर्मल सगळं मागवलं. आता शेवटचा प्रश्न, आणि हा माझा नाही, आईचा आहे. तिला बॉनॉमबरोबरचा फोटो साडीत हवाय. सांगलीच्या भिशीच्या ग्रुपवर टाकायचाय म्हणे. काय करू?

माँट्रियलची_माई

यात काय अवघड आहे. आत थर्मल, त्यावर स्नो पँट, त्यावर साडी, जुनी सिंथेटिक, भारीची इरकल वगैरे नको, आणि घोट्याच्या वर नेसायची म्हणजे बर्फात लोळणार नाही आणि पायात अडकणार नाही. वरून जॅकेट, फोटोपुरतं पुढून उघडायचं, अर्धा मिनिट, मोजून. आणि तिथे बॉनॉमच्या कमरेला असतो तसा विणलेला पट्टा विकत मिळतो, पूर्वी फरचा व्यापार करणारे लोक कोटावरून घट्ट बांधायचे म्हणजे वारा आत शिरत नाही. तो आईच्या जॅकेटवरून शेल्यासारखा बांध. पदर पट्ट्यात खोचला तर उडणार पण नाही.

रात्रपाळीवाली_नर्स

अर्धा मिनिट म्हणजे अर्धाच मिनिट हं. आणि फोटो इथे पण टाका.